समुद्राकाठचं घट्ट दार

४ डिसेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बाबांचं आणि बोलणं माझं, हे तू ओळखलं असशीलच. थंडी सुरू झाली तशी माझी बोटं पुन्हा आखडली, पेन धरवत नाही. मी सांगते आणि हे लिहितात. (सांगते तसंच लिहितो. – बाबा) फोन मुद्दाम केला नाही, कारण फोनवर तू मला दुसरं वाक्य पूर्ण करू देत नाहीस. वॉर्डातल्या पेशंटांशीही असंच बोलत असशील तर ते बिचारे लवकर बरे होऊन पळत असतील.

तर बातमी अशी की आम्ही जातोय. तुझ्याकडे नाही, समुद्राकाठी. गेल्या वर्षी पाहून आलो होतो ती दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली. बारा महिने उबदार हवा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. (वाकून पाहिलं तर दिसतो. – बाबा)

तुझ्या घरातली खोली चांगली आहे. लिफ्ट आहे, हीटर आहे, समोरच तुझं हॉस्पिटल आहे. पण त्या खोलीत पाऊल टाकलं की मी पेशंट होणार, आणि दिवसभर ड्यूटी करून तू घरी आलीस की पुन्हा ड्यूटीवर. खरं कारण वेगळंच आहे, तेही सांगते. तीन हिवाळे माझं शिलाई मशीन झाकून पडलंय. सगळ्या गावातल्या मुलींचे शाळेचे युनिफॉर्म मी शिवले आणि आता रोज सकाळी माझ्या स्वेटरची बटणं हे लावून देतात, तीही वरखाली. मला त्याची लाज वाटते. (वरखाली एकदाच लागली होती. – बाबा)

त्या घराचं पुढचं दार कुजलेलं होतं, म्हणून ह्यांनी इथेच नवं करायला घेतलंय. माप तेव्हाच घेऊन आले होते. सुतारकामाची शेड दुसऱ्याच्या ताब्यात द्यायच्या आधीचं हे शेवटचं काम. ह्यांचं दार म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, चौकटीत बसलं की पोस्टकार्डसुद्धा आत सरकणार नाही. इथल्या बोचऱ्या वाऱ्याला तसंच दार लागतं. ट्रकमध्ये आधी दार चढेल, मग मी.

रागावणार असशील तर आम्ही निघायच्या आत रागावून घे. लोभ ठेव, हट्ट सोड.

तुझी आई

११ डिसेंबर

ती. आईस आणि कंसातल्या बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दुसरं वाक्य पूर्ण करू दिलं असतं तर मला आधीच कळलं असतं, हा टोमणा पोचला. पण आता माझं ऐका.

त्या गावात आपलं कुणी नाही. मोठा दवाखाना दीड तासावर. बाबांची ब्लडप्रेशरची गोळी संपली की ते ती संपल्याचं चार दिवसांनी सांगतात. आईला उकाडा सोसत नाही, ती मे महिन्यात इथे येते तेव्हा पंख्याखालची खुर्ची सोडत नाही. आणि तुम्ही दोघं हे सगळं ठरवून, माप घेऊन, दार करायला घेऊन मग मला कळवता. मी काय शेजारीण आहे?

गेल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात लांबच्या गावाहून एका आजोबांना आणलं. मुलगा पोचला तोवर उशीर झाला होता, आणि वॉर्डाच्या दारात उभं राहून ते त्याला सांगायचं काम माझं होतं. असं मी पुष्कळांना सांगितलंय, मला ते जमतं. पण त्या मुलाच्या जागी उभं राहायला मला जमणार नाही. मला भीती वाटते, आई. एवढंच आहे. हट्ट म्हणायचा असेल तर म्हण.

खोलीला नवा रंग दिलाय. लोभ तर आहेच, कधी तरी ऐकण्याचीही कृपा व्हावी.

तुमची, न विचारता बाजूला ठेवलेली,
ठकी

१९ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

आता अक्षर बघ. बघितलंस? कंस नाहीत, कुणाची लुडबूड नाही. ही मी लिहितेय, माझ्या हाताने. पहिल्या पानाला अर्धी सकाळ गेली आणि दोनदा पेन खाली ठेवलं, पण लिहितेय.

इथे आल्यावर आठ दिवस काहीच फरक नव्हता. हे रोज माझ्या बोटांकडे बघायचे आणि मी त्यांना समुद्राकडे बघायला सांगायची. मग एका सकाळी उठले, केस बांधले, आणि बांधून झाल्यावर लक्षात आलं की बांधले. ह्यांना काही बोलले नाही. सरळ मशीनचं झाकण काढलं आणि तेल घातलं. शेजारी एक लॉन्ड्रीवाली आहे, दणकट बाई, आवाज असा की दोन गल्ल्या जाग्या व्हाव्यात. तिच्याकडे उसवलेले कपडे येतात ते आता माझ्याकडे येतात. माझे टाके वाकडे पडतात. ते मी उसवते आणि पुन्हा घालते.

उकाडा आहे. घाम येतो, मीठ लगेच ओलं होतं, चादरी वाळता वाळत नाहीत. तुला हेच ऐकायचं होतं ना, घे. नवं दारही जरा घट्ट जातंय, पण त्याबद्दल ह्यांना विचारायची सोय नाही. विचारलं की म्हणतात, दार नवं आहे, रुळेल.

वॉर्डाच्या दारातलं तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझी भीती मला कळते. पण तुला भीती वाटते म्हणून मी हात बांधून बसावं, हे मला मान्य नाही. ते तुलाही मान्य नसावं.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायचाच असेल तर इथे येऊन वाढव.

आई

२ फेब्रुवारी

चि. ठकीस,
आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आईला न सांगता लिहितो आहे. ती लॉन्ड्रीत गेली आहे.

दार फुगलं. मुरलेलं लाकूड, पाच वर्षं शेडमध्ये ठेवलेलं, तरी इथली हवा पिऊन फुगलं. सोमवारी सकाळी लावलं ते चौकटीत असं बसलं की उघडेना. आम्ही दोघं आत. लॉन्ड्रीवाली पहार घेऊन आली. मी तिला खिडकीतून सांगितलं की त्या दाराला पहार लावायची नाही. दुपारपर्यंत तसेच बसलो. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्टुलावर पाय देऊन बाहेर आलो, आधी मी, मग तुझी आई. सगळी गल्ली बघत होती. तुझी आई हसत होती. मग मी बाहेरून खांदा दिला तेव्हा उघडलं.

आता दार लावतच नाही. उघडं ठेवून खाली तुझ्या आईची जुनी इस्त्री अडकवली आहे. तासून सैल करता येईल, पण मी ते दार तासणार नाही. दारात चूक नाही, हवेत चूक आहे.

गल्लीत मला दारवाले म्हणू लागले आहेत. चेष्टेनेच म्हणतात, वाईट माणसं नाहीत. पण जन्मभर जे केलं ते इथे उपयोगाचं नाही असं वाटतं, आणि मग दिवस जाता जात नाही. तुझी ती खोली अजून रिकामी आहे का? आईला हे कळवू नकोस.

बाबा

८ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांनी कळवू नकोस म्हटलंय, पण मी तुला अंधारात ठेवणार नाही. त्यांचं पत्र आलं. तुम्ही दोघं अर्धा दिवस घरात अडकला होतात आणि आता रात्रंदिवस दार उघडं टाकून राहता, यातलं एक अक्षर तू मला लिहिलं नाहीस. त्यांना परत यायचंय. तुला सांगायला धजत नाहीत.

मी रजा घेतलीय. पंचवीस तारखेला टेम्पो घेऊन येते. भांडायचं असेल तर गाडीत भांडू, रस्ता लांबचा आहे. मशीन नीट बांधून ठेव.

राग आला तरी लोभ जाऊ देऊ नकोस.

ठकी

१५ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

मशीन बांधलेलं नाही. त्यावर एक शर्ट अर्धा शिवून पडलाय आणि तो झाल्याशिवाय मी जागची हलणार नाही. झाल्यावरही नाही.

तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा खरंच राग आला, तुझा नाही, ह्यांचा. बटणं लावून देताना कधी कुरकुर न करणारा माणूस, आणि एवढं एक वाक्य मला सांगता येऊ नये? पण मी भांडले नाही. लॉन्ड्रीवालीला हाक मारली. तिने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, आम्ही दोघींनी दार उतरवून दोन स्टुलांवर आडवं ठेवलं आणि मी ह्यांच्या पेटीतला रंधा काढला. हे पायरीवर पाठ करून बसले. म्हणाले की दाराला हात लावलास तर मी जेवणार नाही. मी म्हटलं की नका जेवू, तेवढीच भाजी उरेल.

मी काय, कापड जाणते. वाढत्या मुलीचा फ्रॉक शिवताना शिवणीत कापड जास्त ठेवायचं, हे मला शिकवावं लागत नाही. इथे दार वाढतं, तर तेवढी जागा ठेवायची, त्यात अपमान कसला? रंधा जड होता, पण धरला. दोन्ही हातांनी धरला आणि बोटं मिटली, ठकी. मग ढकलला. दोन हात बरे गेले. तिसऱ्याला लाकडाच्या रेषांच्या उलट गेला आणि वरच्या कडेचा टवका उडाला, आवाज असा झाला की ह्यांची पाठसुद्धा दचकली. उठून आले. रंधा असा धरतात का म्हणाले, माझ्या हातून काढून घेतला आणि तासायला लागले. संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. पायाशी सालपटांचा ढीग झाला. लॉन्ड्रीवाली चहा देऊन गेली तर तिला म्हणाले की तुमच्या दुकानाचं दारही घासतंय, उद्या बघतो.

दार चढवल्यावर मी विचारलं, ठकीकडच्या खोलीचं काय. म्हणाले की इथे लाकूड त्यांना ओळख देत नाही, आणि या वयात पहिल्यापासून शिकायची लाज वाटते. मी म्हटलं की तीन हिवाळे मला माझे हात ओळख देत नव्हते, त्याचं काय? आणि वाकडे टाके मी लॉन्ड्रीभर बायकांसमोर उसवते, ते काय लाज नाही म्हणून? त्यावर गप्प बसले. या माणसाचं गप्प बसणं म्हणजे हो असतं, हे मला लग्नापासून माहीत आहे. तरी या वेळी मी ते तोंडाने म्हणवून घेतलं.

आता तुझं. तुझ्या भीतीवर माझ्याकडे औषध नाही. कधी ना कधी कुणाला तरी त्या दारात उभं राहावं लागेल, आम्ही तुझ्या खोलीत राहिलो तरी. पण तोवरचे दिवस माझे आहेत आणि ते मी बटणं लावून घेण्यात घालवणार नाही. ब्लडप्रेशरची गोळी मी स्वतः मोजून देते, डबी उघडता येते मला आता. पंचवीसला ये. रजा घेतलीच आहेस तर मोडू नकोस. टेम्पो मात्र नको. रिकाम्या हाताने ये आणि उसवलेले कपडे असतील तेवढे घेऊन ये.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

आई

ता. क. खालचं मी लिहिलेलं नाही. लिहायचंय म्हणाले, म्हणून पेन दिलं.

ठकी, दार आता दोन बोटांनी ढकललं तरी उघडतं. खालून वाळू येते, थोडा वारा येतो. वरच्या कडेला तुझ्या आईने केलेला खड्डा आहे. भरायला लाकूड होतं, वेळही होता. भरला नाही. त्यावर पॉलिश मारून ती बाजू रस्त्याकडे ठेवली आहे. तुझ्या त्या खोलीत दुसरं काही ठेवायचं असेल तर ठेव. – बाबा