पाच मिनिटांची सना

१८ जानेवारी, शनिवार

कॉलेजच्या प्रोजेक्टचा विषय मिळाला एकदाचा — "मी कोण?" पाच मिनिटांचा व्हिडिओ, मोबाईलवर काढला तरी चालेल. अभिमन्यू सर म्हणाले, "रडगाणं नको, भाषण नको. स्वतःला शोधा." मागून विरेश म्हणाला, "सर, मी कँटीनमध्ये सापडतो." सगळा वर्ग हसला. सरसुद्धा.

मला तर आयताच विषय! जन्मभर लोक मला हेच विचारत आलेत. "अगं, मराठी किती छान गं तुझं!" — जशी काही मी दुबईहून परवाच उतरलेय. सोलापुरातच जन्मले, बाई! घरात दखनी, शाळेत मराठी, आणि गल्लीतल्या विणकर शेजाऱ्यांकडून चार तेलुगू शिव्या. उर्दू बोलते, पण लिहिता येत नाही. म्हणून ही वही मराठीत. अम्मीला मराठी वाचता येत नाही, हा वरचा फायदा.

व्हिडिओचं नावसुद्धा ठरलं — पाच मिनिटांची सना.

कॅमेरा माझी वर्गातली मैत्रीण अंकिता धरणार. तिचा हात हलत नाही. तोंड मात्र थांबत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

युक्ती अशी, की मी स्वतः एक शब्द बोलायचा नाही. माझ्याबद्दल बाकीच्यांनी बोलायचं. त्यांच्या बोलण्यातून मी दिसायची. सरांना लई आवडलं.

आज अब्बांचं शूट. सात रस्त्याजवळच्या त्यांच्या टायरच्या दुकानात गेलो. अब्बा आधार कार्डाच्या फोटोसारखे ताठ उभे राहिले, "मेरी बेटी अच्छी है" म्हणाले आणि पंक्चरवाल्या गिऱ्हाइकाकडे निघून गेले. झालं!

अम्मी तर कॅमेऱ्याला तयारच नाही. "मेरेकू नक्को." मी म्हटलं, मी लहानपणी कशी होते तेवढं तरी सांग. "पैदा हुई, बडी हुई, और क्या?" — आणि उठून डाळ बघायला गेली.

अल्तमशला विचारलं तर त्याने आवाजाचा मेसेज पाठवला. नुसता हसतोय त्यात. शेवटी म्हणतो, "निकाह के बाद पूछ, पूरी पिक्चर बनाता." तेवीस फेब्रुवारीला लग्न आहे आमचं. रमजानच्या आत उरकायचं ठरलंय. त्याचं मोडनिंबला हायवेवर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याची अम्मी, गुलबानो खाला, ही माझ्या अम्मीची जुनी मैत्रीण. पूर्वी आमच्याच गल्लीत भाड्याने राहायचे ते लोक. लग्न मोठ्यांनी जुळवलं हे खरं, पण मला तो आवडतो. लई आवडतो. इथं लिहायला कुणाच्या बापाची भीती आहे?

२५ जानेवारी, शनिवार

नीट लिहिते.

आज समोरच्या गोजाबाईंचं शूट होतं. गोजाबाई मूळच्या मंद्रूपच्या. गल्लीतल्या सगळ्या बाळ-बाळंतिणींना त्याच तेल लावायच्या, न्हाऊ घालायच्या. हिंदूंच्या, मुसलमानांच्या, सगळ्यांच्या. कॅमेरा म्हणून आज नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. मी म्हटलं, मावशी, माझ्याबद्दल काहीही सांगा. आणि त्यांनी सांगितलं!

"हिला पैली आंगूळ म्याच घातली. हिच्या आईला ताप — असा ताप की दूधच आटलं. पोरगी रडून रडून निळी पडाया लागली. मग म्या उचलली आन् नेऊन गुलबानोच्या मांडीवर ठिवली. तिचा अल्तमश तवा अंगावर पीतच हुता की. एका बाजूला त्याला घेतला, एका बाजूला हिला. लई दिस पाजलं बिचारीनं. आन् आता देवाची करणी बगा, त्याच घरात सून म्हणून चाललीया! सासूचं दूध आदीच पिऊन बसलीया. असलं नशीब कुणाचं असतंय?"

अंकिता कॅमेऱ्यामागून म्हणाली, "अय्या, किती गोड!"

मी तिथूनच उठले.

अंकिताला याचा अर्थ माहीत नाही. गोजाबाईंनाही नाही. त्यांना तो आशीर्वाद वाटतो. पण आमच्यात जिने अंगावर पाजलं ती आईच. तिची मुलं सख्खी भावंडं. त्यांच्याशी निकाह म्हणजे "चांगलं दिसत नाही" असलं काही नसतं. तो निकाह होतच नाही! हराम. उन्हाळ्याच्या सुट्टीत मशिदीतल्या वर्गात घोकून घेतलंय हे.

अल्तमश माझा भाऊ आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला गेले नाही. त्याचे मेसेज येऊन पडलेत. भावाला काय उत्तर देतात?

२७ जानेवारी, सोमवार

गोजाबाईंचं वय झालंय, घोळ घातला असेल, असं मनाला समजावलं आणि एकटीच गेले त्यांच्याकडे. मावशी, नक्की मीच का? दुसऱ्या कुणाची मुलगी असेल. त्या चिडल्याच. "मला काय याड लागलंय? तुज्या आईला काय छप्पन्न पोरी हायत्या? त्याच टायमाला माजी सासू आजारी पडली, मला मंद्रूपला जावं लागलं. न्हायतर आणिक म्हैनाभर तुला न्हाऊ घातली असती!"

म्हणजे खरं आहे.

मग खाला कशी विसरली? नानी नेहमी सांगायची, दुसरीचं मूल अंगावर घेतलं तर चार बायकांना बोलून ठेवावं. उद्या सोयरीक जुळवताना घात नको. सगळ्या बायकांना ठाऊक असतं हे. अम्मी तापात होती, तिला कदाचित कळलंही नसेल. पण खालाने तर स्वतः पाजलं. विसरली असेल तर कशी विसरली? आणि आठवत असून गप्प असेल तर? मला दोन्हींची भीती वाटते. दुसऱ्याची जास्त.

३० जानेवारी, गुरुवार

बायकांना दीन, म्हणजे धर्म, शिकवणाऱ्या एक आपा आहेत, त्यांना फोन केला. मैत्रिणीचं म्हणून विचारलं. (त्यांना काय कळलं नसेल? सगळेच मैत्रिणीचं म्हणून विचारत असतील.)

म्हटलं, फार लहान असताना पाजलं असेल तर? म्हणाल्या, लहानपणीच तर पाजतात, बेटा. म्हटलं, एकदाच पाजलं असेल तर? "एक बार भी. एक घूँट भी."

मग म्हणाल्या, "तुम्हारी सहेली को बोलो, निकाह से पहले पता चला, शुक्र करे."

शुक्र! आभार कसले मानायचे? मला फोन भिंतीवर मारावासा वाटला.

३ फेब्रुवारी, सोमवार

अंकिताशी कडाक्याचं भांडण. तिने गोजाबाईंचा तुकडा व्हिडिओच्या बरोबर मधोमध लावलाय. मी म्हटलं, काढ. "का?" काढ म्हटलं ना! "वेडी आहेस का? अख्ख्या व्हिडिओत हा एवढाच जिवंत तुकडा आहे. बाकी सगळं नुसतं नाव, गाव, पत्ता!"

खोटं नाही बोलत ती. म्हणूनच जास्त राग आला.

सरांनी पाहिला. तेही तेच म्हणाले — हे ठेवायचंच. वर चौदा तारखेला सगळ्यांचे व्हिडिओ दाखवणार, घरच्यांना घेऊन या म्हणाले. म्हणजे अब्बा, अम्मी, अल्तमश, खाला ओळीने बसणार आणि पडद्यावर गोजाबाई सांगणार! कॉलेजातल्या पोरी टाळ्या वाजवतील आणि आमच्या रांगेत मढं पडल्यासारखी शांतता होईल.

माझ्या मोबाईलमधून तुकडा उडवला. अंकिताच्या लॅपटॉपवर आहेच. उडवून काय झालं? माझ्या कानातून कसा उडवणार?

५ फेब्रुवारी, बुधवार

अल्तमश आला होता, लग्नाच्या पत्रिका द्यायला. दारातच उभं राहून बोललो. "बोलती कायकू नै? कुछ गलती हुई क्या मेरेसे?" किती साधं तोंड करून विचारलं त्याने! मी त्याच्या कानांकडे बघत होते. माझ्यासारखे आहेत का? दुधाने कान येतात का, मूर्ख!

तो गेल्यावर एक घाण विचार आला. खाला विसरलीच असेल, तर गोजाबाई सोडून हे कुणाला माहीत आहे? आणि त्यांना याचा अर्थच माहीत नाही. मी तोंड मिटलं आणि घरच्यांना व्हिडिओ बघायला नेलं नाही तर सगळं सुरळीत होईल. निकाह, मोडनिंब, दुकानावरची खोली, त्याचं ते हसणं. मला हवंय ते. अजूनही हवंय! हेच भयंकर आहे. कळल्यावर मन आपोआप फिरेल असं वाटलं होतं. कुठं फिरलं? त्याचा मेसेज वाजला की अजून उडी मारतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

खाला मोडनिंबहून आलीय, लग्नाचे कपडे दाखवायला. आठवडाभर मुक्काम. लाल शरारा. सगळ्या बायका नुसत्या ओरडत होत्या, "मेरी गुडिया!" खालाने बांगडीचं माप घ्यायला माझा हात धरला आणि मी झटका बसल्यासारखा मागे ओढला.

तेवढ्यात समोरून गोजाबाईंची हाक — "गुलबानो, आलीस व्हय गं? तुला एक आठवण सांगायची हाय बग!" मी धावत जाऊन दार लावलं. अम्मी म्हणाली, बुढ्या बाईच्या तोंडावर दार लावतात का? तिने दोन धपाटे घातले असते तरी चाललं असतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. उद्या सांगणार. अम्मी आणि खाला दोघी समोर असताना. पडद्यावर कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे.

लग्न मोडेल. अब्बांनी हॉलला आगाऊ पैसे दिलेत, पत्रिका वाटून झाल्यात. गल्ली वर्षभर चघळेल. मला अल्तमश मिळणार नाही. कोणी दुसरा मिळेल, तोही हसेल कदाचित, पण मला तो नकोय! लिहिताना अक्षर ओलं होतंय. होऊ दे. खोट्यात नांदायला जाणार नाही, एवढं नक्की.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अंकिताकडून तुकडा परत मागवून घेतला. दुपारी दोघी लसूण सोलत बसल्या होत्या. मोबाईल लावला आणि खालाच्या हातात दिला.

वाटलं होतं, ती "तौबा तौबा" करेल. नाहीतर "झूट बोलती बुढ्ढी" म्हणेल. तसं काहीच झालं नाही. तिने शेवटपर्यंत पाहिलं. परत लावायला सांगितलं. परत पाहिलं. आणि ओढणी तोंडात घालून रडायला लागली.

मी विचारलं — खाला, पाजलं का नाही? खरं सांग.

"पिलाई. अल्ला कसम, पिलाई."

संपलं, असं मला वाटलं. खाली बसले. मग खालाने माझी हनुवटी धरून वर केली. "पर तेरेकू नै, बेटा."

मला कळलंच नाही! मी अम्मीकडे पाहिलं. अम्मीच्या मांडीवरचं ताट तिरकं झालं होतं, लसूण फरशीवर सगळीकडे. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. खाला एवढंच म्हणाली, "मैं नै बोलती. उसका बोलने का है."

संध्याकाळ झाली. कडी अजून आतूनच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अम्मीने सांगितलं. भिंतीकडे तोंड करून.

खालाने जिला पाजलं ती माझी थोरली बहीण. अम्मीचं चाळीस दिवसांचं नहाण व्हायच्या आत ती गेली. मी पुढच्या वर्षी झाले. गोजाबाई दोन वर्षांनी मंद्रूपहून परत आल्या तेव्हा मी दारात चालत होते. त्यांनी "सना" म्हणून हाक मारली, मी वळून पाहिलं. ही ती नव्हे, हे अम्मीला सांगवलं नाही. "तेरेकू हात में दिए, तो मुँह से वोइच नाम निकला मेरे." नाव तिचं. जन्मतारीखही तिचीच, जन्माचा दाखला आधीच काढलेला होता म्हणून.

दूध तिने प्यायलं, नातं फक्त तिचंच लागलं, माझं नाही. लग्नाला अडचण नाही.

अल्तमशची बहीण सना होती. मी तिच्या नंतरची.

अंकिताला फोन केला. म्हटलं, गोजाबाईंचा तुकडा काढू नकोस. तिच्याबद्दल कुणी तोंडाने बोललेलं तेवढंच आहे.