पहिलं गाणं आमच्या दारात

मी, इंद्रभान मच्छिंद्र शिंगाडे, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी मेंढ्या, नंतर एमआयडीसीत बियाण्याच्या गोदामावर राखणदारी, आता काही नाही, राहणार जालना, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून वळवलेले नाही. वकीलसाहेबांचा मसुदा बराबर होता, पण त्यात माझी लाज कुठेच नव्हती, म्हणून तो बाजूला ठेवला.

१. राहते घर व पुढचे अंगण मुलगा सोमेश्वर याला. स्टीलच्या कारखान्यात भट्टीपुढे राबून वरचा मजला त्यानेच चढवला. पुढे त्याच्याविषयी जे लिहिले आहे त्याने या कलमाला धक्का लागत नाही.

२. बँकेतली ठेव मुलगी छकुली हिला. तिला टेंभुर्णीला दिली आहे. लग्नात दिले होते की, असे कोणी म्हणू नये; ते जावयाने मोटारसायकलवर उडवले. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण ती कोणाला भीत नाही. हा गुण तिच्या आईचा.

३. लोकर कातरायची कातर पुतण्या गोरक्षनाथ याला. आमच्यात मेंढ्या आता त्याच्याकडेच आहेत. कातर गंजू देऊ नये.

४. माझा चष्मा शेजारी राधेश्याम यांना द्यावा. दुसऱ्याच्या फाटकावर नजर ठेवायला त्यांना उपयोगी पडेल.

५. वडिलांची घोंगडी कोणालाही देता येत नाही, कारण ती आमची राहिलेली नाही. ती कशी गेली ते लिहिणे भाग आहे.

वडील हिवाळ्यात मिशनच्या शेतात मेंढ्या बसवत. रात्रभर कळप बसला की जमिनीला खत मिळते आणि धनगराला धान्य. मी तेव्हा लहान होतो. नाताळाच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मिशनची माणसे टाळ-ढोलकी घेऊन गात निघाली, ती गावात न जाता थेट आमच्या कळपापाशी आली. पाद्रीबाबांनी सांगितले की येशूच्या जन्माची पहिली बातमी राजाला मिळाली नाही, रानात मेंढ्या राखणाऱ्यांना मिळाली, म्हणून पहिले गाणे तुमच्यापाशी. वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "लेकरू गव्हाणीत निजवलं म्हणता, मंग पांघरायला काय घातलं?" वडिलांनी खांद्यावरची घोंगडी काढून दिली.

तेव्हापासून त्यांच्या देवळात नाताळाचा गोठा मांडतात, त्यात गवतावर ती घोंगडी असते. आणि फेरी कुठूनही निघो, पहिले गाणे शिंगाड्यांच्या दारात. सोबत करंज्या, अनारसे, शेव यांचे ताट. दिवाळीला आमचे ताट त्यांच्याकडे जाई. मेंढ्या गेल्या, आम्ही शहरात आलो, तरी त्यांनी घर शोधून काढले. अक्षरही मी त्यांच्याच शाळेत गिरवले. हे मृत्युपत्र त्याच अक्षरात आहे.

गेल्या वर्षी नात तृप्ती हिची सोयरीक चालली होती. राधेश्याम यांनी सोमेश्वरला चारचौघांत विचारले, तुम्ही धर्म बदलला का हो? पोरगा भ्याला. पोरीचे मोडेल म्हणून त्याने नाताळाच्या आदल्या संध्याकाळी फाटकाला कुलूप लावले, दिवे मालवले आणि मला म्हणाला, बाबा, या एका वर्षापुरतं. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. जन्मभर राखणदारी केली, पण दार कोणासाठी उघडे ठेवायचे हे मला कळले नाही.

ढोलकी फाटकाशी येऊन थांबली. मला खोकला आला. तो बाहेर जाऊ नये म्हणून मी पांघरुणाचा बोळा तोंडात धरला. ती माणसे रस्त्यावर बसून राहिली, कारण आमच्या दारात म्हटल्याशिवाय त्यांना दुसरीकडे म्हणता येत नाही. मग कुंपणाच्या भिंतीवर ताट ठेवून निघून गेली. त्या संध्याकाळी कोणाच्याच दारात गाणे झाले नाही, हे मला नंतर समजले. सून वंदनाने ताट आत आणले. यंदा दिवाळीला ताट परत पाठवायचे होते, तेही धाडस झाले नाही. मला माझी लाज वाटते. सोमेश्वर भ्याला तो लेकीपायी. मी कोणापायी भ्यालो?

परवा ताट भरून मी स्वतः गेलो. आता फेरी पाद्रीबाबांची नात बेबीनंदा काढते. दवाखान्यात नर्स होती. मी झोपलो होतो, असे खोटे सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात ती म्हणाली, "मामा, तुमचा खोकला मला ठाव न्हाई व्हय? पोरं म्हणून राह्यली होती, आजोबा जागे हायत. मीच म्हणलं, झोपलेत, चला."

माझी अब्रू तिने पोरांपुढे झाकली. यंदा ये, असे म्हणायची माझी लायकी नव्हती. मी एवढेच विचारले, बातमी ऐकल्यावर त्या मेंढक्यांनी काय केले? "उठून बघायला गेले की," ती म्हणाली. आमच्याकडे बातमी दर वर्षी आली. नाताळाला आमच्यातले उठून कोणी तिकडे गेले नाही.

६. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी फाटक उघडे न ठेवल्यास घर काढून घ्यावे, अशी अट वकीलसाहेबांनी माझ्या सांगण्यावरून घातली होती. ती रद्द. जे मला जिवंतपणी जमले नाही ते मेल्यावर पोराकडून वसूल करणार नाही.

हे शेवटचे मी बेबीनंदाच्या ओसरीवर बसून लिहीत आहे. सोमेश्वरने गाडीवर आणून सोडले, पण तो रस्त्यावरच उभा राहिला. साक्षीला बसलेली बेबीनंदा म्हणाली, त्याला आत घ्या, मंग सही करते. तो आला आणि उंबऱ्याशी बसला. त्याने मान वर केली नाही. मलाही करवली नाही. ढोलकीवाल्या पोरांनी विचारले, पहिलं गाणं कुठं म्हणायचं? ती म्हणाली, "मेंढके आलेत की. इथंच म्हणा."

लिहून देणार: इंद्रभान मच्छिंद्र शिंगाडे (सही)

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१) बेबीनंदा शांतवन साळवे (सही)
२) रामराव गाडेकर, रिक्षाचालक, याच गल्लीत राहणार (सही)

ठिकाण: जुना जालना
दिनांक: २४ डिसेंबर २०२४