मागितलेला लागत नाही

लोहारा,
१४ नोव्हेंबर २०२५

फरिदाभाभी,

द्वारकाचा सलाम. गल्ली ओलांडली की तुमचं दार, तरी ही बाई पत्र लिहायला बसली, याचं तुम्हाला हसू येईल. हसून घ्या. पुढं हसण्यासारखं काही नाही.

आमच्याकडं सगळे बरे. आमच्या पोराच्या, दिग्विजयच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आता चार माणसं यायला लागलीत. मुजीबच्या लग्नाची तयारी कुठवर आली? आणि तुमच्या हॉलमधल्या मनी प्लांटला बुडातून नवा कोंब फुटला का? तुम्हीच मला शिकवलंत, त्याला ऊन नको, उजेड हवा. पानं ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसायची. मी तसंच करते.

म्हणजे आमच्याकडंही मनी प्लांट आहे, भाभी. स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेच्या बाटलीत. तुम्ही पाहिला नाहीत, कारण तुमची चाहूल लागली की मी बाटली ओट्याखाली सरकवते.

तो तुमचाच आहे.

तुम्ही किती वेळा म्हणालात, "कायकू लाजती? लेके जाव ना एक फांदी." मी आपली नको नको म्हणत राहिले. मागून आणलेला मनी प्लांट लागत नाही, गुपचूप चोरून आणलेलाच घराला बरकत देतो, असं आमच्या सासूबाईंपासून सगळ्याजणी म्हणतात. दिग्विजयच्या दुकानापायी माझ्याही डोक्यात तेच बसलं. तुम्ही चहा टाकायला आत गेलात आणि मी सोफ्यामागच्या कुंडीत हात घातला. एखादी बाजूची फांदी मिळेल असं वाटलं होतं. घाईत मधलंच कांडं ओढलं. माझ्या हातात टीचभर तुकडा आला आणि वरचा सगळा वेल बुडापासून तुटला. खिळ्याखिळ्याला दोऱ्यानं बांधत तुम्ही तो दाराच्या चौकटीपर्यंत नेला होता. मुजीबची नवरी त्या हिरव्या दारातून आत यावी, ही तुमची हौस. मी तुकडा पदरात घेतला आणि तुमचा चहा प्यायले.

पानं पिवळी पडली तेव्हा तुम्ही रडकुंडीला आलात. "कौन तोड्या ये?" मी तिथंच बसले होते. मला कुणी विचारलंही नव्हतं. गल्लीतल्या बायकांसमोर मीच म्हणाले, "कडूबाईची केरसुणी लागली असंल, भाभी. ती सोफ्यामागं लई जोरात झाडती."

कडूबाई पोरांच्या शपथा घेत होती. तुम्ही तिला कामावरून काढलंत. तुमचं काय चुकलं? तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात.

मग ती आमच्याकडं काम मागायला आली. मी लगेच ठेवून घेतलं. मनात म्हटलं, चला, फिटलं. लाज वाटते हे लिहिताना, पण खरंच असं म्हटलं. काल ती झाडता झाडता खिडकीपाशी थांबली. म्हणाली, "बाई, त्या बाटलीपाशी तुमीच झाडा. येलाला कायबी झालं तर पुन्हा माझंच नाव यायचं."

मी तिथंच सगळं सांगून टाकलं. तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. केरसुणी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "मला सांगून काय व्हतंय? ज्यांच्याम्होरं माझं नाव घेतलं, त्यांच्याम्होरं तुमचं घ्या." आज ती कामाला आली नाही.

म्हणून हे पत्र. समोर आले असते तर लग्नाच्या कपड्यांचं बोलून परत आले असते. मी मला ओळखते. आता तुम्हाला कळलंय, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. रविवारी बायका तुमच्याकडं बस्ता बघायला जमतील. मी बाटली घेऊन येईन आणि सगळ्यांसमोर सांगेन. तुम्ही दार लावून घेतलंत तर गल्लीत उभी राहून सांगेन. फक्त कडूबाईला तुम्ही बोलावणं धाडा. माझ्या बोलावण्यानं ती येणार नाही.

तुकड्याला पांढरी, लांब मुळं फुटलीत. चोरलेला खरंच लागला, भाभी. मला त्याच्याकडं बघवत नाही.

तुमची माफी आज मागत नाही. आधी कडूबाईची मागायची आहे, आणि ती न मिळाली तरी मला तोंड नाही काही म्हणायला.

तुमच्या घरी चहा पिऊन आलेली,
द्वारका