भिंगरीची गोळी आणि आपल्या घरची कुलपं

प्रिय धाकट्या,

अक्काचे आशीर्वाद घे आणि पुढचं नीट बसून वाच, चालता चालता वाचू नकोस. तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण बरी नसली तर तू कळवत नाहीस आणि बरी असली तरी कळवत नाहीस. गोदामावर पहाऱ्याला बसतोस तिथे वारा लागत असेल तर कान गुंडाळत जा. जेवण ताटात घेऊन जेवतोस का अजून उभ्याउभ्या पातेल्यातून, तेही कळव. माझा गुडघा चढताना बोलतो आणि उतरताना भांडतो. मी लक्ष देत नाही, लक्ष दिलं की लाडावतो. दुकान ठीक चाललंय. लोक अजून किल्ल्या हरवतात, त्यांचं भलं होवो.

आता कामाचं. तुझ्या लेकीला, भिंगरीला, डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीय. घाबरू नकोस, अंगाला काही झालेलं नाही. मन एका जागी न ठरण्याचा एक आजार असतो, एडीएचडी का काय, मी त्याला नुसतं 'चार अक्षरी' म्हणते. गोळी आणून ठेवलीय आणि पोरगी ती घ्यायला घाबरतेय, कारण आपल्या घरात जे एकदा तोंडाला लागतं ते सुटताना घर हलवून सुटतं. हे मी तुला सांगायला नको. फोनवर सांगणार होते, पण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतोस आणि तू ऐकतोयस का माश्या मारतोयस ते मला समजत नाही.

सुरुवात मास्तरांपासून झाली. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरच्या दुमजली घरातले, ज्यांनी तुला भूगोलात नापास केलं होतं (बरोबरच केलं होतं). त्यांच्या दाराचं लॅच बिघडलं म्हणून मी भिंगरीला पाठवलं. पोरीचा हात तू कामाला लागलेला बघितलाच नाहीस, म्हणून सांगते, तो तिच्या आजोबांचा, तात्यांचा हात आहे. मी कुलूप फिरवून फिरवून कान लावते, ती नुसतं बोट ठेवते आणि आत काय अडलंय ते सांगते. तर नवीन लॅच बसवलं, बाहेर येऊन दार ओढून घेतलं, किल्ली दोनदा फिरवून बघितली (दोनदा फिरवली की ते आतूनही उघडत नाही), मस्त लागलं. तेवढ्यात रस्त्यावरून दोन माणसं एक भला मोठा आरसा घेऊन चालली होती. आरशात म्हणे सगळा रस्ता उलटा चालत होता. झालं. भिंगरी निघाली आरशामागे. हा वळणावरून कसा नेतात बघू, मग जिन्यातून कसा चढवतात बघू, मग जरा हात लावू, असं करत तो आरसा कुणाच्या तरी बेडरूममध्ये सरळ लावून ती गाणं गुणगुणत दुकानात आली. मास्तरांच्या दोन्ही किल्ल्या तिच्या खिशात, आणि मास्तर बायकोसकट आत.

मास्तरांचा फोन आला. म्हणाले, "आम्ही आत आहोत, सवडीने या." (त्यांच्या बायकोचं म्हणणं खिडकीतून ऐकू येत होतं, ते इथे लिहीत नाही, तिला बहिणीकडे जायचं होतं.) मी गुडघ्याला समजावून भिंगरीला घेऊन स्वतः गेले. भिंगरी एका हाताने डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हाताने दार उघडत होती. "आत्या, मी मुद्दाम नाही गं केलं." मी म्हटलं, मुद्दाम केलं असतंस तर लक्षात तरी राहिलं असतं. हे मी रागाने बोलले, पण मास्तरांनी ते उचललं. म्हणाले, हेच तर म्हणतोय, ही बेफिकीर नाही, बेफिकीर माणूस रडत नाही. वर्गात अशी पोरं असायची तेव्हा त्यांना बाकावर उभं करायची पद्धत होती, आता त्यावर डॉक्टर असतात, एकदा दाखवून आणा. मला हे सगळं थोतांड वाटलं. आमच्या वेळी मन ठरलं नाही की पाठीत धपाटा ठरलेला होता. पण ज्या माणसाला आपण कोंडलंय त्याच्याशी वाद कसा घालणार.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या आहेत, एक माणूस हलला की सगळे हलतात. भिंगरी पाय हलवत बसली होती आणि ओळीतले बाकीचे पेशंट होडीत बसल्यासारखे डुलत होते. आत गेल्यावर बाईंनी इतकं विचारलं की मला वाटलं लग्न जमवतायत. शाळेत कशी होती, वस्तू हरवते का, रांगेत उभं राहवतं का, मध्येच बोलते का. मी प्रत्येकाला "हे तर सगळ्यांनाच होतं" म्हणत होते, आणि बाई माझ्याकडे बघून काहीतरी लिहीत होत्या, ते मला आवडलं नाही. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला दारूचं किंवा आणखी कसलं व्यसन? मी एका दमात सांगितलं, छे, आमचं घराणं अगदी सरळ. आईने शिकवलेलं उत्तर आहे ते, तुझ्याही तोंडून शाळेत कितीदा निघालंय.

आणि तुझी लेक काय म्हणाली असेल? मी टेबलाखालून तिचा पाय दाबत होते (नंतर कळलं तो टेबलाचा पाय होता). ती सरळ बसली, तिचे पाय थांबले, आणि तिने मोजून सांगितलं. "आजोबा दारूनेच गेले. बाबा प्यायचे, आता सुटलीय, पण ते म्हणतात सुटलीय म्हणू नकोस, आज नाही घेतली म्हण. काका पत्त्यांत गेला. आत्या तपकीर ओढते." मी म्हटलं, तपकीर औषधाची आहे, सर्दीसाठी. बाईंनी विचारलं, सर्दी कधीपासून आहे? भिंगरी म्हणाली, माझ्या जन्माआधीपासून. धाकट्या, मला राग यायला हवा होता. आलाही होता, पण तो तपकिरीपुरता. बाकीचं ती ज्या आवाजात बोलली ना, तुझ्याबद्दल बोलताना मान खाली न घालता, जसं आपण म्हणतो कुलपात वाळू गेलीय, स्प्रिंग तुटलीय, तसं. एवढ्या वर्षांत आपल्या घरातल्या एकाही माणसाने हे परक्या खोलीत उच्चारलं नव्हतं. मी तर नाहीच.

मग तिने बाईंना विचारलं, "आणि मला गोळी आवडली तर?" मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. म्हणाल्या, भीती बरोबर आहे, घरात असं असेल तर जपूनच जायचं. पण डॉक्टरांच्या हिशोबाने घेतलेल्या गोळीने माणूस व्यसनी होतोच असं दिसलेलं नाही, आणि काहीच न करता तसंच धडपडत राहण्यातही धोका असतो, डोक्यातला गोंधळ थांबवायला कितीतरी जण बाटलीकडे जातात. वाढवावीशी वाटली, लपवावीशी वाटली, तर त्याच दिवशी मला सांगायचं. तिथे मला तात्या आठवले. टेबलभर अर्धवट उघडलेली कुलपं, एक हातात, चार पसरलेली, आणि दारू पोटात गेल्याशिवाय बूड खुर्चीला न टेकणारं. मी विचारलं, आमच्या वडिलांनाही हेच चार अक्षरी असेल का? बाई म्हणाल्या, मी न तपासलेल्या माणसाबद्दल बोलत नाही. तिथे मला बाई पटल्या.

जाता जाता बाईंनी विचारलं, घरात तुम्ही लक्ष कसं ठेवता? मी आपली पद्धत सांगितली. आई दारात उभी राहायची, आत येणाऱ्या प्रत्येकाने तिच्या तोंडापुढे 'हाऽ' करायचं, वास बघूनच आत घ्यायची, आणि आई गेल्यावर ते काम मी करते, गॅसवाल्यापासून पाहुण्यापर्यंत. (तू श्वास आत ओढत 'हा' करायचास हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मला कळलं होतं.) बाई खुर्चीतून पुढे झुकल्या आणि माझ्यापुढे 'हाऽ' केलं. वेलदोड्याचा वास होता. म्हटलं, पास.

बाईंनी आधी दुसऱ्या जातीची गोळी दिली, हळूहळू लागू पडणारी, जिची चटक लागत नाही अशी. भिंगरी रोज घ्यायची आणि मी रोज 'हा' करायला लावायचे. गोळीला वासच नाही. आता मला सांग, वास नसलेल्या गोष्टीवर माणसाने पहारा द्यायचा कसा? त्या गोळीने तिला मळमळायला लागलं, जेवण जाईना, आणि लक्ष होतं तिथेच म्हणजे खिडकीबाहेर. पोरीने तरीही सांगितलेले आठवडे पुरे केले, एक दिवस चुकवला नाही. मी असते तर तिसऱ्या दिवशी गटारात टाकली असती. मग बाईंनी ही आत्ताची लिहून दिली, हिचा उपयोग होईल म्हणाल्या, पण हिचा गैरवापरही होऊ शकतो म्हणून एक अट घातली. डबी भिंगरीकडे ठेवायची नाही, घरातल्या दुसऱ्या कुणी ठेवायची आणि रोज सकाळी एक हातावर द्यायची.

मी म्हटलं, त्यात काय, कुलपात ठेवू. बोलले आणि माझं मलाच हसू आलं. आपल्या घरात कुलूप म्हणजे दाराचा दागिना. आईने बाटलीच्या कपाटाला कुलूप लावायचं, तात्यांनी ते आईच्याच केसातल्या पिनेने उघडायचं, मग आईने त्याहून मोठं कुलूप आणायचं, आणायचं कुठून तर तात्यांच्याच दुकानातून, आणि तात्या तिला सगळ्यात मजबूत कुठलं ते प्रामाणिकपणे दाखवायचे. तरी मी डबी दुकानातल्या जुन्या तिजोरीत ठेवली, जिच्यावर आपण सगळे शिकलो. चहा गाळून वळते तर तिजोरी सताड उघडी आणि भिंगरी समोर उभी, डबीला हात न लावलेली, चेहरा पांढरा. "आत्या, मला गोळी नको होती. बंद दिसली म्हणून उघडली." मला तिचं खरं वाटलं. बंद कुलूप दिसलं की आपल्या सगळ्यांची बोटं वळवळतात. पण ती तिथेच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "कुलपाचा उपयोग नाही गं. माणूस पाहिजे."

तर सध्या डबी मास्तरांकडे आहे, सील न फोडलेली. ती गोळी घेत नाही, कामावर येते, एका किल्लीला एक तास घेते, दार लावलं की दोन्ही खिसे उलटे करून मला दाखवते. काल एका बाईंच्या कपाटाचं कुलूप तिने असं उघडलं की कपाटालाही कळलं नसेल. हे दुकान तिलाच द्यायचं माझ्या मनात आहे. तिला सांगितलेलं नाही, लगेच रंग बदलायला घेईल. मला एवढंच वाटतं, ज्या पोरीने आपल्या सगळ्यांचं खरं एका वाक्यात सांगून टाकलं तिला या गोळीची भीती बाळगायचं काही कारण नाही. पण ती मी नाही, तेव्हा तिच्या भीतीचं मी ठरवणार नाही.

बाकी ठीक. कान गुंडाळ. ताटात जेव.

तुझी,
अक्का

ता. क. – मुख्य गोष्ट राहिली. माणूस कोण ते तिने ठरवलंय. तू. मी म्हटलं, अगं, वेडी का काय तू, त्याच्या हातात डबी? ती म्हणाली, "तुला मी सहज गंडवीन, आत्या. मास्तरांना तर आत कोंडून गंडवलंय. बाबांना नाही गंडवता येणार. काय काय लपवतात, कुठे लपवतात, श्वास आत ओढून 'हा' कसा करतात, ते त्यांना सगळं येतं."

ता. क. दुसरा – बाईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, तिच्या बाबांनी स्वतःहून हो म्हटलं तरच, आणि त्यांनाही त्रास होईल असं वाटलं तर स्पष्ट नाही म्हणायचं, डबी मास्तरांकडेच राहील, गोळी तेच देतील. भिंगरीही तेच म्हणते, नाही म्हणालास तरी तिला राग येणार नाही. तेव्हा यायचंच असेल तर कायमचा ये, पाहुण्यासारखा नको. माळ्याखालची खोली झाडून घेतलीय. ती मी सहज झाडली.

ता. क. तिसरा – आलास तर दारात 'हा' करावा लागेल, सवय आहे. पण यापुढे दारात भिंगरी उभी राहणार म्हणते, आणि माझाही घेणार, शिवाय नाकही बघणार. म्हणून येताना तिकडची बारीक तपकीर एक डबी आण, सर्दी फार आहे. तिला दाखवू नकोस, तुला लपवायचं माहीत आहे.

ता. क. चौथा – वरचं वाचून पाहिलं. तपकीर राहू दे. नुसता ये.