ग्रुपवरचं गाऱ्हाणं

३ नोव्हेंबर, सोमवार
अखेर आम्ही नवरा-बायको लालबागकर झालो! दुसरा मजला, खोली एकतीस. एक खोली, स्वयंपाकघर, मोरी आणि समोर लांबलचक सामाईक गॅलरी, जिच्यात अख्ख्या मजल्याचे कपडे, चपला आणि भानगडी वाळत पडलेल्या असतात. वैभवला कॉटन ग्रीनचं गोदाम आता जवळ पडेल. माझं काय, लॅपटॉप उघडला की ऑफिस. पाककृतींच्या एका मोठ्या ऑनलाइन गटाची मी देखरेख करते. म्हणजे साबुदाण्याच्या वादावरून एकमेकींच्या आयांपर्यंत पोचणाऱ्या बायकांना बाहेरचा रस्ता दाखवते. सहा वर्षांत चांगला हात बसलाय.

सामान लागायच्या आत शेजारच्या मालनकाकू घावणे आणि चटणी घेऊन आल्या. एकट्याच राहतात. "गो बाय, उपाशी पोटान खोकी सोडूची नाय," म्हणाल्या आणि समोर बसून मला खायला लावलं. मला त्या फार आवडल्या.

९ नोव्हेंबर, रविवार
आज चाळीची वार्षिक पूजा झाली. बहुतेक सगळी बिऱ्हाडं मालवणकडची. सेक्रेटरी बाबुराव जिन्याखाली नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात: बा देवा म्हाराजा, अमुक होऊ दे, तमुक टळू दे. प्रत्येक मागण्याला सगळे एका सुरात ओरडतात, "व्हय म्हाराजा!" मी नाशिकची, पहिल्यांदाच ऐकलं. अंगावर काटाही आला आणि हसूही. सगळ्यांनी व्हय म्हटलं की शब्द देवाच्या दारी लागला, असं बाबुराव म्हणाले.

प्रसाद खाताखाता त्यांनी माझं काम विचारून घेतलं आणि चाळीचा ग्रुप माझ्या गळ्यात मारला. ग्रुपचा पार उकिरडा झालाय म्हणे. दिवसाला दोनशे सुप्रभात. पाणी येणार नसल्याचा निरोप फुलांखाली गाडला जातो. आता सूनबाई, तुम्ही आणि मी मिळून शिस्त लावू, असं म्हणून त्यांनी मला अ‍ॅडमिन करून टाकलं.

१० नोव्हेंबर
नियम टाकले. नुसते टाकले तर वाचतो कोण? म्हणून गमतीने गाऱ्हाण्याच्या चालीवर लिहिले. बा देवा म्हाराजा, जो कोणी फुलं-फॉरवर्ड टाकील, अ‍ॅडमिनचा शब्द मोडील, काढलेल्या माणसाची बाजू घेईल, त्याला दोन इशारे मिळू देत, आणि तिसऱ्या चुकीला तो या चाळीत कुणाला दिसू नये, कुणाला ऐकू येऊ नये, रे म्हाराजा!

वैभव शेजारी बसून खो खो हसत होता. सगळ्यात आधी त्यानेच "व्हय म्हाराजा" टाकलं, मग मी. संध्याकाळपर्यंत ग्रुपवरच्या झाडून सगळ्यांनी टाकलं. मालनकाकूंनी तर सोबत गुलाबही पाठवला. पहिला इशारा त्यांनाच द्यावा लागला.

१४ नोव्हेंबर
मालनकाकूंना ग्रुपवरून काढलं. तीन गुलाब, तीन चुका. वैभव म्हणाला, म्हातारं माणूस आहे, सोड ना. वाईट मलाही वाटलं. पण एकाला सोडलं की उद्या दहा जण उभे राहतात, हे मी रोज बघते. कडक राहिल्याशिवाय गट चालत नाही. ग्रुप कसा स्वच्छ झालाय! बाबुरावांनी शाबासकी दिली.

१७ नोव्हेंबर
मालनकाकू तीन दिवसांत दिसल्या नाहीत. रुसून माटुंग्याला लेकीकडे गेल्या असतील म्हणून मी निश्चिंत होते. आज दुपारी त्यांचं दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावले. गॅसवर भात शिजत होता. आत कोणी नव्हतं. हाका मारल्या, मोरीत पाहिलं. शेवटी गॅस बंद करून आले.

१८ नोव्हेंबर
तिसऱ्या मजल्यावर आग्नेलो अंकल राहतात. सुतारकाम करायचे. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन आहे, म्हणून ते ग्रुपवर नाहीत. आज गॅलरीत त्यांनी मला गाठून झापलं. "काय गं पोरी, एवढा कसला राग? मालन तुझ्या तोंडासमोर उभी राहून हाका मारते, नि तू बघत पण नाय?"

कुठे, म्हणून मी विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. माझ्यापासून हातभर. तिथे भर दुपारचं ऊन होतं, बाकी काही नाही. मी हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही. अंकल म्हणाले, आता तिने तुझा हात धरलाय.

१९ नोव्हेंबर
वैभवलाही त्या दिसत नाहीत. मी काकूंना ग्रुपवर परत घेतलं. यादीत नाव आलं, माणूस आलं नाही. काढलेल्याची बाजू घेतली म्हणून बाबुरावांनी मलाच पहिला इशारा दिला.

त्यांच्या घरी जाऊन पाया पडले. ते शांतपणे म्हणाले, सूनबाई, गाऱ्हाणं कोणी गंमत म्हणून घालत नाही. मागे घ्यायचं तर ज्यांनी ज्यांनी व्हय म्हटलं, त्या सगळ्यांनी एकमेकांना ऐकू जाईल असं पुन्हा व्हय म्हणायला हवं. एकही आवाज कमी पडून चालत नाही. आणि मालनचा आवाज ऐकणार कोण?

हे मी केलंय. मला भीती वाटते.

२१ नोव्हेंबर
वैभव ऐकत नाही. ग्रुपवर लिहिलं, जिवंत बाई चाळीत एकटी रडत फिरतेय आणि तुम्ही गप्प? इशारा. पुन्हा लिहिलं. दुसरा इशारा. मी त्याच्या पायाशी बसले, पुरे कर म्हटलं. तो म्हणाला, नियम तूच केलेस ना?

२२ नोव्हेंबर
त्याने तिसऱ्यांदा लिहिलं. सगळे मला म्हणाले, काढा त्याला. मी काढलं नाही. शब्द मोडला म्हणून मला दुसरा इशारा — आणि बाबुरावांनी त्याला काढलं.

तो समोर चहा पीत होता. आता खुर्ची रिकामी. कप टेबलावर. मी कपाकडे बघत बसले. थोड्या वेळाने तो रिकामा झाला होता.

२४ नोव्हेंबर
अंकलना विचारून घेतलं सगळं. वैभव माझ्या मागेमागेच असतो. मला बघतो, माझ्याशी बोलतो. चाळ सोडून जाऊ म्हटलं, तर तो फाटकापर्यंत येतो आणि पुढे त्याचा पायच उचलत नाही. मालनकाकू आणि तो एकाच पायरीवर बसतात — पण एकमेकांना दिसत नाहीत. त्या दोघांनीही व्हय म्हटलं होतं.

म्हणजे मला काढलं तर मीही त्याला दिसणार नाही. दोन इशारे झालेत. आता फोनला हात लावायचा नाही. त्याला मी दिसत राहिले पाहिजे. एवढंच उरलंय.

२७ नोव्हेंबर
अंकल म्हणतात तो जेवत नाही. गॅलरीच्या कठड्यावर बसतो, पाय बाहेर सोडून. मी तिथे हात पसरून उभी राहते. डावीकडे, अजून थोडं, असं अंकल सांगतात — हाताला काही लागत नाही —

२८ नोव्हेंबर, सकाळ
राहवलं नाही. ग्रुपवर लिहिलं. हात जोडते, सगळे खाली या, पुन्हा व्हय म्हणा, त्या दोघांचा आवाज नसला तरी एकदा तरी —

सगळ्यांनी वाचलं. कुणीच —

बाबुराव काहीतरी लिहितायत —

वैभव, अंकल म्हणतात तू आत आलायस. खुर्चीत बसलायस. मान वर कर. केस विंचरलेत मी, तो पिवळा ड्रेस घातलाय — फोन वाजला, मी बघत नाही, तूही तिकडे बघू नकोस — माझ्याकडे बघ, वैभव, अजून मी