अहिल्येच्या पोटातली गाठ

३ जानेवारी १९६७

अहिल्येला दाखवून नागपूरहून बालाघाटला परतलो. मेडिकल कॉलेजातले माझे सर म्हणाले, यकृतातली रक्तवाहिन्यांची गाठ आहे, कॅन्सर नव्हे, राहू द्या. माझा जीव भांड्यात पडला. अहिल्येचा नाही. धाकटी बहीण, विधवा होऊन तिसरं वर्ष, माझ्याच क्वार्टरात राहते — आणि पोट पुढे आलेलं. नळावर शेजारची शांताबाई म्हणते, "अहिल्याबाई आजकाल अंगानं भरल्या." मग बायकांचं पदराआड हसणं.

"दादा, तू डॉक्टर ना? काढून टाक. मले नळावर जाववत नाही."

८ जानेवारी

अशाच गाठीचे दोन रोगी मी नागपूरला धाडले होते. लांजीची दुर्गाबाई — नुसती गाठ सोलून काढली. सगळा उन्हाळा जखमेतून पित्त झिरपत राहिलं, लुगडी पिवळी झाली, पण जगली. उकव्याच्या खाणीतला डोमाजी — गाठीसकट यकृताचा तुकडाच कापला. पित्त नाही गळलं, रक्त मात्र थांबेना. तिसऱ्या दिवशी गेला. दोघांवरून काय ठरवायचं! हात न लावणं हेच खरं. तिला तसं सांगितलं.

"दुर्गाबाई जगली ना? मंग मायी तशीच काढ."

९ जानेवारी

जेवली नाही.

११ जानेवारी

आजही नाही. हरलो. सोलूनच काढायची.

२ फेब्रुवारी, नागपूर

झालं. गाठ नारळाएवढी. रक्त फार गेलं. एक बाटली माझं दिलं.

१४ फेब्रुवारी

पित्त गळतंय, ताप उतरत नाही. डोळे मिटले की डोमाजी दिसतो. भीती वाटते, उघड भीती. ती मात्र पट्टीवरून हात फिरवते — "सपाट झालं ना, दादा?"

२५ मार्च, बालाघाट

जखम सुकली. काल घरी आलो. आज सकाळी धुतलेलं लुगडं नेसून, ताठ मानेनं, घागर घेऊन नळावर गेली. फार दिवसांनी बरं वाटलं.

२६ मार्च

नळावर शांताबाई म्हणाली, "नागपुरात मोकळी होऊन आली वाटते. भाऊच डॉक्टर, मंग काय!" अहिल्येनं सगळ्यांसमोर पदर सारून व्रण दाखवला.

"हौ, म्हणजे पोट चिरून काढलं," शांताबाई म्हणाली.

मी खिडकीत होतो. बाहेर जाऊन काय सांगणार? अर्धी घागर घेऊन ती परत आली.

२७ मार्च

"दादा, ते गाठ परत आत बसवता येत नाही काय?"