ओट्यावरचं भात

चामटोली, ४ ऑक्टोबर २०२५

चि. भाविका,

बाबाचे आशीर्वाद. घरी सगळे बरे. आईचा गुडघा कालपासून कमी दुखतो. बारवी धरणाच्या बाजूला अजून सर येते. आपलं शेतातलं भात यंदा मागे पडलं, अजून पोटरीत आहे, लोंबी बाहेर नाही. शेजारचा कल्पेश तुझ्या पुण्याला निघालाय, त्याच्याजवळ हे देतो. सोबत पुडी आहे. आधी पत्र वाच.

ओट्यावरच्या तुझ्या प्रयोगाच्या भाताच्या दोन कुंड्यांना मी रोज पाणी घालत होतो. तू सांगितलेलं लक्षात आहे. पेशीच्या भिंतीतल्या प्रथिनांच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. या रोपांत त्या नीट जडत नाहीत, म्हणून परागाची नळी बीजांडापर्यंत जाताना वाट चुकते आणि दाणा पोकळ राहतो. मी लोंब्या बोटांत धरून बघायचो. बहुतेक पळींज, नुसती रिकामी टरफलं. एखादा भरलेला लागला की हात आपोआप जोडले जायचे. एवढ्याशा साखरेवाचून वंश अडतो, हे मनातून जात नाही.

दसऱ्याला दारावर नव्या भाताच्या लोंब्यांचं नवं बांधायचं होतं आणि शेतात लोंबी नाही. शेजारी मागायला आई तयार होईना. म्हणाली, "दारात पोरीचं भात उभं हाय. देवाला पयलं तिचंच नको का?"

आईवर रागावू नकोस.

काल तुझा फोन आला. तिथली सगळी रोपं किडीने गेली म्हणालीस. "बाबा, आता तुमच्याकडचीच उरली. त्या बियांवर माझं सगळं काम आहे. दाणा पिवळा होईपर्यंत कोणाला हात लावू देऊ नका हां." मी हो म्हणालो. तेव्हा मी उंबऱ्यावर बसलो होतो, आणि त्या लोंब्या आंब्याच्या पानांत बांधून माझ्या डोक्यावर लटकत होत्या.

आई नुसती बोलली गं. विळा मी चालवला. तिला काही ठाऊक नव्हतं, मला होतं. लेकीच्या हातचं देवापुढे जातंय, याचंच इतकं बरं वाटलं. आणि देवाला अर्धं कसं द्यायचं म्हणून एकही लोंबी मागे ठेवली नाही.

नवं वर्षभर दारावरून उतरवत नाहीत. आज मी उतरवलं. आधी दिवा लावून देवाला सांगितलं. एक दाणा नखाने दाबला, तर पांढरा चीक आला, म्हणजे अजून कच्चाच. मग बाकीच्यांना हात लावायचा धीर झाला नाही. पुडीतले ते घट्ट आहेत की नाही, तूच बघ.

आईने मोकळ्या दाराकडे बघून विचारलं, "नवं कुठं गेलं वो?"

"भाविकाकडे."

तिला वाटलं, प्रसाद पाठवतोय. "मंग गूळ पन द्या तिला," म्हणाली. तो वेगळा बांधलाय.

एखादा दाणा रुजला तर कळव. नाही रुजला तरी मलाच कळव, आईला नको. तिला मी सांगेन.

फोनवर हो म्हणून गप्प बसलेला,
तुझा बाबा